नवऱ्याचं ग्रीन कार्ड: आय-८६४ मध्ये माझं उत्पन्न कमी पडतंय

सांगलीची_लेक:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, एडिसनला असते. २०२० मध्ये सिटिझन झाले. लग्न गेल्या वर्षी झालं, नवरा सांगलीत. आय-१३० (नवऱ्याला आणण्याचा अर्ज) मंजूर झालाय, एनव्हीसीची (व्हिसाची कागदपत्रं तपासणारं केंद्र) फी भरून झालीय, आता ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट (आय-८६४, म्हणजे नवऱ्याचा भार मी उचलेन अशी हमी) अपलोड करायचंय आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

माझी कमाई दोन ठिकाणची. सकाळी डे-केअरमध्ये पार्ट टाइम, तासाला २१ डॉलर. गेल्या वर्षीचा डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारा पगाराचा दाखला) १८,९०० चा. उरलेल्या वेळात ब्लाऊज शिवते, फिटिंग करून देते, लग्नसराईत साड्या नेसवायला जाते. त्याचे १६,२०० आले होते. पण टॅक्स भरताना अस्तराच्या कापडापासून गाडीच्या मैलांपर्यंत सगळा खर्च लावला आणि शेड्यूल सीवर (स्वतःच्या धंद्याच्या हिशेबाचा फॉर्म) नफा उरला ६,१००. तेव्हा टॅक्स वाचला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती! आता १०४० च्या (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) नवव्या ओळीत, म्हणजे एकूण उत्पन्नात, बरोब्बर २५,००० दिसतायत. दोन माणसांना सरकारच्या किमान उत्पन्नाच्या २०२५ च्या तक्त्याप्रमाणे २६,४३७ लागतात. म्हणजे १,४३७ नी हुकलं.

नवऱ्याचा सांगलीतला पगार यात धरतात का? की रिटर्न सुधारून खर्च थोडा कमी दाखवू? आतेभाऊ टेक्सासमध्ये आहे, जॉइंट स्पॉन्सर (माझ्याबरोबर हमी देणारा दुसरा माणूस) होईलही, पण त्याला विचारायचं जिवावर येतं. सासूबाईंना सांगून पाहिलं तर म्हणाल्या, "अमेरिकेत राहून तुला कसली गं पैशाची अडचण?"

ओकट्री_काका:
आधी एक सांगा. यापूर्वी कुणाला स्पॉन्सर केलंय का?

सांगलीची_लेक:
हो, आईला. २०२१ ला आली. पण ती माझ्याकडे नसते, डॅलसला ताईकडे असते. तिला नाही ना मोजायचं?

ओकट्री_काका:
मोजायचं! हीच मेख आहे. तिच्यासाठी तुम्ही आय-८६४ वर सही केलीय, ती जबाबदारी अजून चालू आहे. आई कुठेही राहो. तुम्ही, नवरा आणि आई, असे तीन झाले. तिघांचा आकडा ३३,३१२. तूट १,४३७ ची नाही, ८,३१२ ची.

नवऱ्याचा पगार विसरा. तीच नोकरी इथे आल्यावरही चालू राहणार असेल तरच धरतात. रिटर्नला तर हातच लावू नका. खर्च खरे होते ना? मग राहू देत. पिटिशन चालू असताना अचानक नफा वाढलेला दिसला की ऑफिसर भुवया उंचावणारच, वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भराल तो वेगळा.

मालमत्ता दाखवता येते. तुम्ही सिटिझन आणि नवऱ्याला आणताय, म्हणून तुटीच्या तिप्पट पुरते: २४,९३६. ग्रीन कार्डवाल्यांना पाचपट लागते. बँकेतले पैसे, एफडी, घराची किंमत वजा कर्ज, हे सगळं चालतं. अट एवढीच की वर्षाच्या आत त्याचे रोख पैसे करता आले पाहिजेत. आणि नवऱ्याच्या नावावरचंही धरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

सांगलीची_लेक:
बाई गं. आईचं डोक्यातच नव्हतं.
माझ्याकडे इथे ५,००० आणि सांगलीच्या बँकेत १२ लाखांची एफडी. नवऱ्याचा विश्रामबागला फ्लॅट आहे, कर्ज वजा जाता सतरा-अठरा लाख सुटतील. पण त्यात सासू-सासरे राहतात. फ्लॅटचं व्हॅल्युएशन करायला माणूस दारात आला की पहिला प्रश्न येणार, "घर विकताय का?"

डॅलसकर_मावशी:
फ्लॅट नकोच गं. ज्या घरात म्हातारी माणसं राहतात ते वर्षात विकू असं कागदावर लिहून देणं तुलाच पटणार नाही.

आतेभावाबद्दल सांगते, कारण मी स्वतः एका भाचीच्या नवऱ्यासाठी जॉइंट स्पॉन्सर आहे. त्याचं उत्पन्न तुझ्या २५,००० मध्ये मिसळत नाहीत, त्याला एकट्यानेच आकडा गाठावा लागतो. त्याच्या घरात चार माणसं असतील तर तुझा नवरा धरून पाच, म्हणजे ४७,०६२. तुझा आय-८६४ तरीही भरायचाच. त्याने बायकोबरोबर एकत्र रिटर्न भरलं असेल आणि त्याचा एकट्याचा पगार पुरत असेल तर त्याचा डब्ल्यू-२ जोड, म्हणजे बायकोला आय-८६४ए वर (घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाची हमी) सही करावी लागत नाही. आणि त्याला स्पष्ट सांग: ही सही घटस्फोटानेही सुटत नाही. तुझा नवरा सिटिझन होईपर्यंत, नाहीतर त्याच्या नावावर कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या) जमेपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं, ती राहते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सही केल्यावर फॉर्मच्या मागच्या पानांवर वाचलं आणि दोन रात्री झोप लागली नाही.

बीकेसी_रिटर्न:
टॅक्स रिटर्नच्या फोटोकॉपीपेक्षा आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, डाउनलोड करून लावा, फुकट मिळतं. आणि ईझी फॉर्म (आय-८६४ चा छोटा प्रकार) भरू नका, तो फक्त डब्ल्यू-२ किंवा पेन्शनवाल्यांसाठी आहे. माझ्याकडून जॉइंट स्पॉन्सरच्या ग्रीन कार्डची कॉपी लावायची राहिली. बायको मुंबईच्या इंटरव्ह्यूहून २२१(जी) चा, म्हणजे कागदपत्रं अपुरी म्हणून व्हिसा अडकल्याचा, कागद घेऊन आली. सात आठवडे गेले.

ओकट्री_काका:
एक राहिलं. मागच्या वर्षीपेक्षा सध्याचं उत्पन्न जास्त महत्त्वाचं. डे-केअरमध्ये तास वाढवून मिळतात का बघा. आठवड्याला २५ तास झाले तर २७,३०० आणि शिवणकामाचे ६,१००, मिळून ३३,४००. म्हणजे ८८ डॉलरनी काठावर पास! पण काठावर जाऊ नका. ३२ तास मिळाले तर नुसत्या पगाराचेच ३४,९४४ होतात. मालकाचं पत्र आणि नव्या पगाराच्या पे-स्टब जोडा, दोन-चार महिन्यांच्या असल्या तर उत्तम.

सांगलीची_लेक:
काका, आज डायरेक्टरबाईंशी बोलले. टॉडलर रूममधली एक मुलगी पुढच्या महिन्यात सोडतेय, तिचे तास मला देतील: ३२, पण दुपारी साडेतीनपर्यंत. म्हणजे ब्लाऊज रात्री. चालेल.

तरी आतेभावालाही फोन केला. तो लगेच "पाठव" म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, "आधी फॉर्म पाठव, आम्ही दोघं वाचतो, मग सांगतो." मावशी, तुमचा मेसेज जसाच्या तसा तिला पाठवलाय. अजून उत्तर नाही.