शब्दचर्चा : ‘इंजेक्शन लॉकिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटरवरच्या (प्रकाश आणि वीज मिळून लहरी निर्माण करणाऱ्या यंत्रणेवरच्या) एका लेखाचं मराठीकरण करतोय. वाचक बी.एस्सी.च्या आसपासचे. ‘सिंक्रोनायझेशन’ आणि ‘इंजेक्शन लॉकिंग’ या दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. ‘समकालन’ आणि ‘अंतःक्षेपण-बंधन’ असं जुळवलंय, पण दुसरा शब्द उच्चारताना मलाच धाप लागते. ‘टाळेबंदी’ म्हणावं तर गिरणी संप आठवतो.

प्रतिसाद
आधी आत काय घडतं ते पाहू. लेझरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून (विद्युत संकेतानुसार प्रकाश बदलणाऱ्या भागातून) काही किलोमीटर फायबरमध्ये जातो, फोटोडिटेक्टरवर त्याचा पुन्हा विद्युत संकेत होतो आणि तो गाळून-वाढवून मॉड्युलेटरलाच परत दिला जातो. असे फेरे सुरू झाले की यंत्रणा आपल्या बळावर सूक्ष्मतरंग निर्माण करते, समजा १० गिगाहर्ट्झचे. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि ल्यूट मलेकी यांनी १९९०च्या दशकात ही रचना मांडली.

आता जवळपासच्याच वारंवारतेचा एक क्षीण संकेत बाहेरून या फेऱ्यात सोडा. आंदोलक (ऑसिलेटर) स्वतःची वारंवारता सोडून पाहुण्याची घेतो. हेच इंजेक्शन लॉकिंग. अट एकच, दोन्हींतला फरक मर्यादेत हवा. ती मर्यादा रॉबर्ट ॲडलरने १९४६ साली सूत्रात मांडली. संकेत जितका जोरकस तितकी ती रुंद, आणि फेऱ्याला जितका वेळ लागतो तितकी अरुंद. ४ किलोमीटर फायबर पार करायला प्रकाशाला सुमारे २० मायक्रोसेकंद लागतात. आलेल्या संकेताचा आयाम (लहरीची उंची) आतल्याच्या एक दशांश असेल, तर मर्यादा दोन्ही बाजूंना एक किलोहर्ट्झच्याही आत येते. १० गिगाहर्ट्झपुढे हे काहीच नाही!

म्हणून कुलूप, टाळं, बंधन हे सगळेच शब्द मला खटकतात. कुलूप एकदा लागलं की लागलं. इथे जोर कमी झाला की सुटतं. सरळ ‘पकड’ म्हणा. पकड बसते, ढिली होते, सुटते. कुस्तीपासून पक्कडीपर्यंत सगळ्यांना कळते. ‘लॉकिंग रेंज’ म्हणजे ‘पकडीचा पल्ला’.

प्रतिसाद
‘पकड’ला अनुमोदन. पण ‘आंदोलक’च्या शेजारी ठेवून वाचा: ‘बाहेरच्या संकेताने आंदोलकाला पकडलं.’ मोर्चाची बातमी झाली की हो! ‘दोलक’ लिहा. आणि ‘ऑप्टोइलेक्ट्रॉनिक’साठी ‘प्रकाशविद्युत’ वापरू नका. तो शब्द आइन्स्टाइनच्या परिणामासाठी पाठ्यपुस्तकांत रुळला आहे, विद्यार्थी भलतंच समजेल. ऑप्टोइलेक्ट्रॉनिक दोलक, बस्स.

प्रतिसाद
‘समकालन’बद्दल माझी हरकत आहे. हायगेन्सने १६६५ मध्ये एकाच आधाराला टांगलेली दोन घड्याळं पाहिली, तेव्हा त्यांचे लंबक एकमेकांच्या उलट दिशेला हलत होते. एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. तरी ते सिंक्रोनायझेशनच. पकड बसलेल्या दोलकातही कलांतर (फेजमधला फरक, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती पुढे-मागे) शून्य असेलच असं नाही, ते फक्त बदलत नाही. त्यामुळे ‘एकाच काळी’ हा अर्थ मुद्द्याचाच नाही. ‘मेळ’ घ्या. ‘मेळ जुळला’ म्हटलं की ठेका एक असून पावलं वेगळी असू शकतात हेही आपोआप येतं. शिवाय घड्याळांत मेळ दोघांनी मिळून साधलेला असतो, इंजेक्शनमध्ये एकतर्फी कारभार. म्हणजे पकड हा मेळाचाच एक प्रकार.

मूळ प्रश्नकर्ता
मेळ आणि पकड, दोन्ही घेतले. ‘इंजेक्शन’ तसंच ठेवतोय, ते गावोगावच्या दवाखान्यात पोचलेलं आहे. आता ‘मास्टर-स्लेव्ह’चं काय? लेखात लांब फायबरचा एक दोलक आखूड फेऱ्याच्या दुसऱ्याला संकेत देतो. लांब फेऱ्याचा सूर स्थिर, पण ४ किलोमीटरला दर ५० किलोहर्ट्झवर एक नको असलेला सूर सोबत. आखूड फेरा त्यातला एकच धरतो आणि बाकीचे दबतात.

प्रतिसाद
‘धनी-गुलाम’ कृपा करून नको. ‘मुख्य’ आणि ‘अनुगामी’ पुरेत. आणि लेखात ‘पुलिंग’ आलं असेल तर त्याला ‘ओढ’ म्हणा. फरक पल्ल्याच्या जरासा बाहेर असला तर पकड बसत नाही, पण दोलकाची सरासरी वारंवारता पाहुण्याकडे सरकते आणि मधूनमधून कला (फेज) एका पूर्ण आवर्तनाने निसटते. त्या निसटण्याला मात्र मी ‘फेज स्लिप’च म्हणतो. ‘कला घसरली’ लिहिलं तर नाट्यसमीक्षा वाटेल.