ग्रंथपालाचा पेशा संस्थानात रुजला, मग राज्यात का खुंटला?

जिज्ञासू : सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू केले, तरीही आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील ग्रंथपाल आज तुटपुंज्या मानधनावर का राबतो?

जुना सभासद : बडोद्यात राजाची इच्छा हाच कायदा होता. खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या रवाना होत, आणि पेटीत काय भरायचे व परत आल्यावर काय तपासायचे हे जाणणारा प्रशिक्षित माणूस लागे, म्हणून पेशाही घडला. मात्र बॉर्डन १९१३ मध्ये परतले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

कपाट क्रमांक सात : माझ्या मते खरी मेख १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात आहे. मद्रासने ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्येच कायदा करून ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवला. आपण उपकर टाळला आणि स्थानिक मंडळांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान देण्याचा मार्ग धरला, त्यामुळे तेथील ग्रंथपाल संस्थेचा नोकर राहिला, शासनाचा नव्हे.

जिज्ञासू : म्हणजे दाखल नोंदवही, अर्थात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, शासनाच्या नियमाने लिहायची, तपासणीला उभे राहायचे, आणि पगारासाठी मात्र अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहायची!

जुना सभासद : अगदी तसेच. तरी एक मान्य करावे लागेल, की गावोगावची वाचनालये टिकली ती याच अनुदानावर.