मदत हवी आहे: उन्हाळ्यात नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा व्यायाम) सरावात कधी बसवायचं?

युएफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) क्लब-अभ्यासात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूंच्या) दुखापतींचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४. जीपीएस, फिजिओ, जिम सगळं वाढूनही! नॉर्डिक कर्लने ही दुखापत निम्म्यावर येते, पण नेमाने केलं तरच.

जळगाव-धुळ्याकडच्या १०० मीटरवाल्या पोरांसाठी क्रम असा: पहिला आठवडा एकदाच, ५-५ चे २ सेट, तिसऱ्यापासून आठवड्यात तीनदा, पाचव्यापासून १२-१०-८ चे ३ सेट. गोची अशी, की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, पूर्ण वेगाचं धावणं टळतं, आणि पुढे एकदम वेग घेतला की स्नायू ताणतो. एप्रिल-मेच्या उन्हात सराव फक्त पहाटेच. मग एकाच सत्रात कर्ल स्प्रिंटनंतर ठेवावं की वेगळ्या दिवशी? आणि स्पर्धेच्या किती दिवस आधी थांबवता?