धरणं पाडल्यावर सॅमन (समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारे मासे) खरंच परत येतात का?

भटका_सिएटल: काल इकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर जाऊन आलो. 2011 ते 2014 मध्ये दोन धरणं पाडली ना तिथली, मग मासे ढिगाने हवेत की! मला एकही दिसला नाही 😅

मासेखाऊ: अरे सीझन असतो त्यांचा. आणि ढिगाने वगैरे नाही, चिनूक जातीचे सॅमन हळूहळूच वाढतायत, पण कोहो जातीचे इतके सुधारले की 2023 मध्ये तिथल्या क्लॅलम या मूळ रहिवासी जमातीने परत थोडी मासेमारी केली, धरणांमुळे माशांचा जवळपास 100 वर्षं वर जायचा रस्ताच बंद होता.

नदीवेडी: मला तर ट्राउट माशांचं भारी वाटतं. रेनबो ट्राउट आणि समुद्रात जाऊन येणारा स्टीलहेड ही एकच जात, धरण गेल्यावर वर अडकलेल्यांची पिल्लं परत समुद्राकडे निघाली!

भटका_सिएटल: आणि साठलेला गाळ?

मासेखाऊ: आधी नुसता चिखल वाहत होता, पण त्यातल्याच बारीक गोट्यांत आता अंडी घालतात.