पहिली ऑफरोड गाडी: आधी वजन बघा, सीसी नंतर

चिखलवाट:
सह्याद्रीत ऑफरोड सुरू करणाऱ्याने पहिली मोटरसायकल हलकीच घ्यावी, हे माझं ठाम मत. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 उत्तम गाडी आहे, पण कर्ब वेट (पेट्रोल-ऑइलसकट वजन) 196 किलो. हिरोची एक्सपल्स 200 4व्ही 160 च्या आसपास. हा पस्तीस किलोंचा फरक डांबरावर जाणवत नाही. ओल्या जांभ्याच्या चढावर गाडी आडवी झाली आणि हँडल उताराकडे गेलं की जाणवतो. शिकताना गाडी पडणारच. चार-पाच वेळा उचलली की दंड भरून येतात, क्लचवरची बोटं थरथरतात आणि खरी दुखापत त्यानंतरच्या पडण्यात होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वाटेवर हिमालयनची 40 पीएस ताकद वापरायलाच मिळत नाही.

घाटमाथा:
पीएसचं सोडा, टॉर्कचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचं काय? हिमालयन 40 न्यूटन मीटर देते 5500 आरपीएमला. एक्सपल्स 17 च्या थोडं वर, तेही 6500 ला. सुट्या मुरमाच्या चढावर लहान इंजिनाचा आरपीएम जरा पडला की नवखा माणूस अर्धा क्लच धरून गाडी ओढतो. क्लचच्या प्लेटा तापतात, जळका वास येतो, मग इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय पुण्या-मुंबईहून कच्च्या वाटेपर्यंत निम्मा दिवस हायवेच असतो. तो कोण मोजणार?

चिखलवाट:
हायवेचा मुद्दा मान्य. टॉर्कवर उपाय स्वस्त आहे: पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एक दात कमी. गिअरिंग 7-8 टक्के खाली येतं. डांबरावर 80 च्या पुढे इंजिन ओरडेल, पण चढावर अर्धा क्लच धरावा लागत नाही. दात बदलल्यावर चेनचा ढिलेपणा पुन्हा लावून घ्या आणि तो गाडीवर बसून तपासा. मागचं सस्पेन्शन दबताना चेन ताणली जाते. स्टँडवर घट्ट केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते.

सव्वापाचफुटी:
वजनावर एवढं बोलताय, सीटच्या उंचीवर कुणीच नाही. साधी एक्सपल्स 4व्ही 825 मिमी, तिचंच उंच प्रो मॉडेल 891. माझ्या उंचीच्या माणसाचा प्रोवर एका बाजूचा चवडाही जेमतेम टेकतो, आणि दगडात थांबताना पाय अधांतरी राहिला की गाडी त्याच बाजूला जाते. पहिली गाडी म्हणून प्रो अजिबात नको. लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा जोड) टाकायचा सल्ला तर कुणी देऊच नका. गाडी खाली येते, पण साइड स्टँड तेवढाच राहतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पडते. ज्यासाठी पैसे मोजले ते ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) जातं.

घाटमाथा:
इथे मात्र माझं उलट मत. कच्च्या वाटेवर बहुतेक वेळ पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभंच राहायचं असतं, तेव्हा सीटची उंची आड येत नाही. थांबताना बूड एका बाजूला सरकवून एकच पाय टेकायची सवय लावा. दोन्ही पाय लोंबकळत ठेवून चालवणाऱ्याचा घोटा दगडात अडकतो.

नॉबीटायर:
वजनच बघायचं तर कावासाकीची केएलएक्स 230 का नाही? 139 किलो, नंबर प्लेट मिळते. अडचण सीट 880 ची आणि टाकी 7.6 लिटरची, म्हणजे पेट्रोलचा हिशोब आधी करावा लागतो. कावासाकीच्याच केएक्सच्या मात्र नादी लागू नका. ती फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी आहे, तिचं रजिस्ट्रेशनच होत नाही. 'गावातल्या रस्त्याने दोन किलोमीटर' हेही बेकायदा.

आणि कुठलीही घ्या, हवा कमी केल्याशिवाय तिला दोष देऊ नका. ट्यूबच्या टायरमध्ये चिखलात 18 ते 20 पीएसआय. त्याखाली गेलात तर दगडावर रिम आदळून ट्यूब चिमटते आणि एकाच ठिकाणी दोन भोकं पडतात. टायर रिमला आवळून धरणारं रिम लॉक नसेल तर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की तिथेच थांबा. डांबरावर परतायच्या आधी पंपाने हवा भरा, हातपंप सोबत हवाच.

जांभाखडक:
गाडी हलकी असो की जड, सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) चढवू नका. जांभ्यावरची माती बोटभर जाडीची असते आणि पावसाळी फुलझाडं त्यातच उगवतात. जाड ठोकळ्यांचा नॉबी टायर एकदा फिरला की ती माती पाण्याबरोबर वाहून जाते. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

चिखलवाट:
सड्यांबाबत शंभर टक्के सहमत. सरावाला बंद पडलेली खाण किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान बघा, त्याला विचारून. @सव्वापाचफुटी, साधी 4व्हीच घ्या. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) रॅली मोडवर टाका, म्हणजे ते बंद होतं. सुट्या उतारावर चालू एबीएस ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबत नाही. उतरल्यावर मोड परत रोडवर आणायला विसरू नका.