ताप उतरला म्हणून मॅटवर नको

एकानं विचारलंय, डेंग्यू झालेल्या रेडरचा ताप परवा उतरला, प्लेटलेट 60,000 आहेत, रविवारी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत खेळवायचं का? नाही. आजाराच्या 3ऱ्या ते 7व्या दिवसात ताप उतरतो आणि खरा धोका तिथंच सुरू होतो. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतं. पोरगं म्हणतं, "बरं वाटायलंय सर." पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं की थेट दवाखाना. त्यात पकडीत पोटावर गुडघा बसला तर आतला रक्तस्राव बाहेरून कळतही नाही. प्लेटलेट लाखावर, सलग दोन रिपोर्ट चढते, भूक परत आलेली. मग डॉक्टरांना विचारून आधी नुसतं जॉगिंग, पकड शेवटी.

संघाच्या किटमधली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आधी बाजूला काढा. अंग ठणकतंय म्हणून खेळाडू तीच गिळतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, सोबत 1 लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट.

डेंग्यूच्या विषाणूवर थेट मारा करणारं औषध अजून बाजारात नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि पॅनेशिया बायोटेक कंपनीच्या एका डोसच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी 2024 मध्ये सुरू झाली. पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवू नका.

आणि वसतिगृह बघा. आपल्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, म्हणून ड्रम भरलेलेच. अंड्यापासून डास व्हायलाही तेवढेच दिवस पुरतात. ड्रम नुसता उपसून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, काथ्यानं घासा.