‘सिनिगांग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: फिलिपिन्समधील ‘सिनिगांग’ या पदार्थासाठी ‘आंबट सूप’ हा शब्द योग्य वाटतो का? की ‘सार’ किंवा ‘आमटी’ म्हणावे?

उत्तर: आधी शब्दाची घडण पाहू. तागालोग भाषेत ‘सिगांग’ म्हणजे रसात शिजवणे, आणि त्या धातूच्या पोटात ‘इन’ हा प्रत्यय शिरून ‘सिनिगांग’, म्हणजे ‘शिजवलेले’, असे रूप झाले आहे. ‘सांगाग’ (भात परतणे) पासून ‘सिनांगाग’ (परतलेला भात) होतो तो याच रीतीने. मराठीला धातूच्या मध्ये प्रत्यय घालण्याची सवय नाही. संस्कृतात ‘रुध्’चे ‘रुणद्धि’ होताना मात्र असाच ‘न’ हा वर्ण आत शिरतो. म्हणजे या शब्दात आंबटपणाचा अर्थ मुळीच नाही. तो रूढीने आला आहे, आणि ‘आंबट सूप’ म्हटल्यावर आपण शब्दाचे नव्हे, चवीचे भाषांतर करतो. उच्चारात शेवटी ‘ग’ नाही, ‘वाङ्मय’ मधला ‘ङ’ आहे.

आंबट काय घातले, हे ‘सा’ हा अव्यय सांगतो. ‘सिनिगांग ना बाबोय सा साम्पालोक’ म्हणजे चिंचेतले डुकराच्या मांसाचे सिनिगांग. ‘सा बायाबास’ म्हटले की पेरूतले. येथे मराठीचे ‘-तले’ इतके चपखल बसते की मला वेगळ्या शब्दाची गरजच वाटत नाही. आंबटपणासाठी कैरी आणि कामियास, म्हणजे आपल्याकडे गोव्यात मिळणारे बिंबल, हीही तेथे चालतात.

‘सार’ जवळचा शब्द आहे, पण सार पातळ आणि बहुधा गाळलेले असते. सिनिगांगात मांसाचे किंवा माशाचे तुकडे, मुळा, चवळीच्या लांब शेंगा आणि कांगकोंग या पालेभाजीची पाने असतात. घरच्या रात्रीच्या जेवणासाठी ते करताना तांदळाच्या दुसऱ्या पाण्यात मांस मऊ होईपर्यंत शिजवतात, आणि या पाण्याला मराठीत ‘धुवण’ हा नेमका शब्द आहे, तो अवश्य वापरावा. सोललेले अळकुडे त्यातच विरघळून रस्सा किंचित दाट करते. हिरवी चिंच वेगळी उकळून, कुस्करून, तिचा कोळ गाळून घालतात आणि पालेभाजी अगदी शेवटी, तिचा हिरवा रंग जाण्याआधी. मीठ कमी वाटले तर ‘पातीस’, म्हणजे माशाचे खारट पाणी, थेंबाथेंबाने घालून चव पाहतात. मग भांडे मधोमध येते आणि प्रत्येक जण आपल्या भातावर रस्सा ओतून घेतो.

‘आमटी’ हा शब्द ‘आंबट’शी नाते सांगतो, म्हणून मोह होतो, परंतु आमटी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे डाळ येते, आणि येथे डाळ नसते. माझ्या मते लेखात ‘सिनिगांग’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘चिंचेतले’ किंवा ‘पेरूतले’ असे विशेषण जोडावे.

पुरवणी प्रश्न: लिंग कोणते मानावे?

उत्तर: नपुंसकलिंग. ‘शिजवलेले’ या मूळ अर्थाशी ते जुळते आणि ‘सार’, ‘कढण’ यांच्या पंगतीत ‘ते सिनिगांग’ सहज बसते.